जागल्याला न दिसलेला गवळीवाडा

मुलांनो, आज माझ्याबरोबर एक शहर उभं करा. पाटी नको, खडू नको. समोरची मोकळी जमीन पुरे.

आधी एक नदी वाहू द्या. रुंद, संथ, पण श्रावणात अंगात येणारी. तिच्या काठाला, अगदी खालच्या अंगाला, एक वस्ती ठेवा. वस्तीच्या मागे रेल्वेचा भराव घाला. दोन मजली घराएवढा उंच, बाजूनं दगडी बांधणीचा, वर तारेचं कुंपण. भरावाच्या पलीकडे उरलेलं सगळं शहर: बाजारपेठ, कचेऱ्या, दवाखाने, शाळा.

आता एक अडचण दिसते ना? वस्तीतल्या माणसांनी शहरात जायचं कसं? म्हणून भरावाला खालून एक भोक पाडा. एक ट्रक जाऊन बाजूला थोडी जागा उरेल एवढंच. रेल्वेखालच्या अशा वाटेला आपल्याकडे मोरी म्हणतात. वस्तीला बाहेर पडायला ही एकच वाट. दुसरी नाही. नदीला पाणी चढलं की वस्तीनं याच मोरीतून पळायचं.

शहराचं नाव मांडवपूर. वस्तीचं नाव गवळीवाडा. आणि साल? तुमच्यात जो सगळ्यात लहान आहे, त्याला मिसरूड फुटेल तेव्हाचं.

गवळीवाड्यात माणसांपेक्षा म्हशी जास्त. मांडवपूरचा सकाळचा चहा या म्हशींच्या जिवावर उकळायचा. तिथे बसवंत दहिहंडे नावाचा गवळी राहायचा. त्याची मुलगी कस्तुरी सातवीत होती. घरात पाच म्हशी. त्यातली चंद्री सगळ्यांच्या पुढे चालायची. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभाव महाराणीचा. चंद्री उठली की वाड्यातल्या बाकीच्या म्हशी उठायच्या, चंद्री बसली की बसायच्या.

बसवंताला एक धाकटी बहीण होती, प्रणिता. कस्तुरीची आत्या. गवळीवाड्यातून शिकून वर गेलेली पहिली मुलगी. महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात तिला नोकरी लागली, त्या दिवशी बसवंतानं अख्ख्या वाड्याला खरवस वाटला होता. "आमची प्रणी शहर सांभाळती," असं तो दूध घालताना गिऱ्हाइकांना सांगायचा.

ती शहर सांभाळायची हे अर्धंच खरं. शहर सांभाळायचं एक यंत्र. त्याचं नाव ठेवलं होतं 'जागल्या'.

जुन्या काळी गावाला जागल्या असायचा. गाव झोपलं की तो काठी आपटत फिरायचा. आग दिसली, पाणी दिसलं, चोर दिसला, की प्रत्येक दारावर काठी ठोकायचा. दार वाड्याचं आहे की झोपडीचं, हे तो बघत नसे. पालिकेला नाव आवडलं. कामाची रीत मात्र त्यांनी बरोबर आणली नाही.

हा नवा जागल्या काय करायचा, ते सांगतो. वरच्या धरणात पाणी किती, ढगात पाणी किती, नदी ताशी किती चढते, हे त्याला क्षणोक्षणी कळायचं. रस्त्यारस्त्यावर त्याचे कॅमेरे होते. माणसांच्या खिशातले फोन कुठून कुठे सरकतात, तेही त्याला दिसायचं. या सगळ्यावरून तो ठरवायचा, की भोंगा आधी कुठे वाजवायचा, सुटकेच्या गाड्या आधी कुठे धाडायच्या, आणि पूर-दरवाजे कधी पाडायचे. हो, दरवाजे. नदीचं पाणी मोरीतून बाजारपेठेत शिरू नये म्हणून मोरीच्या तोंडाशी एक पोलादी दरवाजा बसवला होता. तो वरून खाली उतरायचा.

आता विचार करा. पाणी कुठे जाईल हे यंत्राला सांगता येतं, कारण पाणी उतारानंच वाहतं. पण माणसं कुठे जातील? माणूस पाण्यासारखा नसतो. एकाला भोंगा ऐकू आला की तो पळतो, दुसरा आधी चहा संपवतो. म्हणून माणसांचं वागणं जागल्याला शिकवावं लागलं. कसं? तर रंगीत तालमी घेऊन. पूर आलाच आहे असं समजून भोंगा वाजवायचा, लोकांनी बाहेर पडायचं, आणि जागल्यानं बघत राहायचं की कोण किती वेळात कुठे पोचतं.

तो शिकायचा कसा, तेही समजून घ्या. समजा, घरात आई रोज सगळ्यांच्या भाकरी थापते. एक मुलगा रात्री जेवायला येईनासा झाला. पहिले काही दिवस आई त्याची भाकरी थापेल. मग ती भाकरी शिळी होऊ लागली की थापणं थांबवेल. यंत्राचं शिकणं असंच असतं. जे वारंवार घडतं ते पुढेही घडेल, असं ते धरून चालतं. फरक एवढाच, की आई दारात जाऊन विचारते, "का रे येत नाहीस?" यंत्राला हा प्रश्न पडत नाही. तो माणसांनी विचारायचा असतो.

पहिल्या तालमीला काय झालं ते ऐका.

भोंगा वाजला. पेठेतली माणसं रांगेत बाहेर पडली. शाळांनी शिट्ट्या फुंकल्या. मोरीच्या पलीकडे मांडव घातला होता, आणि दुसऱ्या राज्यातून पाहणीला आलेले पाहुणे तिथे खुर्च्यांवर बसले होते. गवळीवाड्यातून मात्र कुणीच येईना. पाहुणे घड्याळ बघू लागले.

येणार कसे? गवळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची एक रीत आहे: आधी दावं, मग दार. संकट आलं की पहिल्यांदा जनावराचं दावं सोडायचं, मग आपण दाराबाहेर पडायचं. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं वाचतं. त्यामुळे सगळा वाडा आधी गोठ्यांकडे धावला होता. थोड्या वेळानं मोरीतून चंद्री आली. तिच्यामागे वाड्यातल्या सगळ्या म्हशी, रेडकं, आणि त्यांच्यामागे माणसं. चंद्रीनं मांडवात येऊन पाहुण्यांसाठीचा पुष्पगुच्छ खाल्ला. मग लाल पायघडीवर शेण टाकलं.

आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख निमकर साहेब लालबुंद झाले. "हे काय आहे? तालीम आहे की गुरांचा बाजार?"

"साहेब, पूर आल्यावर म्हशीबी बुडत्यात," बसवंत म्हणाला. "त्यांना काय तिथंच ठिवायचं?"

"माणसांची तालीम आहे ही!"

"मग तिला पुष्पगुच्छ कशाला दिला?" मागून कुणीतरी बोललं, आणि गवळीवाडा हसला. पाहुणेही हसले. निमकर साहेब हसले नाहीत.

हेच निमकर साहेब दिवाळीच्या पाडव्याला गवळीवाड्यात यायचे. म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून मिरवणूक निघाली की चंद्रीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. तेव्हा म्हशी ही शहराची शान होती.

पुढच्या तालमीच्या आदल्या दिवशी प्रणिता घरी आली. तिच्या बोलण्यात जरा अवघडलेपण होतं.

"दादा, उद्या भोंगा वाजला तरी बाहेर पडू नका. दारं लावून आत बसा."

"आत? पूर आल्यावर?"

"पूर नाही रे, तालीम. दिल्लीहून पथक येतंय. साहेब म्हणाले, गवळीवाड्याचं आम्ही वेगळं बघू. त्यांना तालमीत धरत नाही."

"म्हंजे आम्ही नापास?"

"नापास नाही. सुट्टी."

बसवंत चुन्याची डबी मिटत हसला. "बरं. तू सांगतीस म्हणजे बराबरच असंल."

वाड्यात दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. पालिकेचा माणूस सांगायला आला असता तर त्याला ताक पाजून परत पाठवलं असतं. पण प्रणी त्यांची होती. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून दर तालमीला भोंगा वाजायचा, आणि गवळीवाडा दारं लावून आत बसायचा. पोरं पत्ते खेळायची. त्या वर्षी मांडवपूरला 'सर्वांत सज्ज शहर' म्हणून मानचिन्ह मिळालं.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दारांमागचं सांगणं कुणाचं होतं, हे जागल्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की भोंगा वाजतो आणि गवळीवाड्यातून कुणीही बाहेर येत नाही. एकदा नाही, दर वेळी. 'तालमीत धरत नाही' असं साहेबांनी तोंडानं म्हटलं, पण यंत्राला ते कुणीच सांगितलं नाही. जागल्या शिकला आणि पक्कं शिकला: गवळीवाड्याची माणसं निघत नाहीत.

मग जी निघतच नाहीत, त्यांच्यासाठी गाडी का पाठवायची? त्यांच्यासाठी दरवाजा उघडा का ठेवायचा?

हे प्रणितालाच पहिल्यांदा कळलं. पावसाळ्याच्या तोंडावर ती पुराचा आराखडा बघत होती. पडद्यावर मांडवपूर होतं. जिथे गाड्या जाणार ते भाग हिरवे. गवळीवाडा राखाडी. तिनं बोट ठेवलं. जागल्यानं उत्तर दाखवलं: प्रतिसादाची शक्यता जवळपास शून्य. गाडी नाही. मोरीचा दरवाजा सर्वांत आधी बंद.

ती तशीच उठून निमकर साहेबांच्या खोलीत गेली.

"सर, पूर आला तर हा दरवाजा आमच्या... गवळीवाड्याच्या लोकांच्या तोंडावर बंद होईल."

"यंत्र पुराव्यावर चालतं, प्रणिता. त्याला आपपरभाव नसतो."

"पुरावा खोटा आहे, सर. आपणच त्यांना आत बसवलं. मीच निरोप नेला."

"हळू बोल."

"एक तालीम परत घेऊ. म्हशींसकट. जागल्या पुन्हा शिकेल."

निमकरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज अगदी समजूतदार होता. असा आवाज तुम्ही मोठे झाल्यावर पुष्कळ ऐकाल, म्हणून तो आत्ताच ओळखून ठेवा. "तालीम परत घ्यायची म्हणजे आधीच्या तालमी खोट्या होत्या, असं आपणच लिहून द्यायचं. मानचिन्ह परत जाईल. चौकशी लागेल. सगळ्यांचीच, तुझीसुद्धा. हा पावसाळा जाऊ दे. इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

इतकी वर्षं काही झालं नाही! मुलांनो, जगातलं प्रत्येक मोठं संकट येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत हे वाक्य खरंच असतं. साहेबांना गणित येत होतं, विज्ञान येत होतं. अडत होतं ते भलत्याच ठिकाणी. एका खोलीत काचेच्या कपाटात एक पितळी मानचिन्ह उभं होतं, आणि ते तिथंच उभं राहावं म्हणून अख्खी वस्ती राखाडी ठेवायला त्यांची हरकत नव्हती.

प्रणितानं वरिष्ठांना कळवलं. वरून ते निमकरांकडेच खाली आलं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'.

मग ती घरी गेली आणि भावाला सगळं सांगितलं. बसवंत धार काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादा, काहीतरी बोल."

"काय बोलू? साहेबानं सांगितलं असतं तर साहेबाला बोललो असतो. सांगितलं तू."

"मला कळलं नव्हतं रे."

"आम्हाला तरी कुठं कळलं? आम्ही तुझ्या तोंडाकडं बघून दारं लावली." त्यानं बादली उचलली. "लोकांना काय सांगू आता? आमच्या प्रणीनं आम्हाला पुसून टाकलं म्हणून?"

प्रणिता ओट्यावर बसून राहिली. कस्तुरी तिच्याजवळ जाऊन टेकली.

"आत्या, त्या जागल्याला आम्ही दिसतच नाही का?"

"दिसता गं. पण तो तुमची वाट बघत नाही."

त्यानंतर बसवंत बहिणीशी बोलेनासा झाला. तिचा फोन आला की तो कस्तुरीकडे सरकवायचा आणि स्वतः गोठ्यात जायचा. पण एक गोष्ट त्यानं केली. वाड्यात घरोघरी जाऊन सांगितलं, "आता भोंगा वाजला तर खरा समजायचा. न वाजला तर पाण्याकडं बघायचं."

श्रावणात वरच्या डोंगरात ढग अडकला. दुपारपर्यंत धरण काठोकाठ भरलं आणि पाणी सोडावं लागलं. जागल्यानं आपलं काम चोख सुरू केलं. हिरव्या भागांत भोंगे वाजले, गाड्या निघाल्या, माणसं रांगेत बाहेर पडली. गवळीवाड्याच्या खांबावरचा भोंगा शेवटच्या यादीत होता. तो गप्प राहिला.

कक्षात प्रणिताच्या पडद्यावर मोरीच्या दरवाजापाशी एक लाल ठिपका लुकलुकू लागला. 'बंद करण्यास सुरुवात.'

"सर, थांबवा. हाताची कळ दाबा. तुमची परवानगी आणि माझी, दोन्ही लागतात. माझी मी दिली आहे."

"पलीकडे बाजारपेठ आहे. यंत्राच्या विरुद्ध जाऊन पाणी शिरलं, तर सही माझी असेल."

"आणि अलीकडे माणसं आहेत!"

"ती निघत नाहीत," निमकर म्हणाले.

बाहेरून आलेल्या कुणी हे म्हटलं असतं तर त्याला माहीत नव्हतं असं आपण म्हणालो असतो. निमकरांना माहीत होतं. स्वतः पसरवलेलं खोटं त्यांनी यंत्राच्या तोंडून परत ऐकलं, आणि त्यांना ते खरं वाटू लागलं. मला या गोष्टीत यंत्राचा राग येत नाही. त्याला जे दाखवलं ते त्यानं पाहिलं. राग येतो तो इथं, या तीन शब्दांपाशी.

प्रणितानं घरी फोन लावला. कस्तुरीनं उचलला.

"कस्तुरे, दरवाजा उतरतोय. दादाला सांग, निघा. आज आत बसू नका!"

"आम्ही निघालोयच आत्या. पाणी ओट्याला लागलंय. पण गंगूकाकूला कसं न्यायचं?"

गंगूकाकू म्हणजे वाड्याच्या टोकाला राहणारी म्हातारी. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा रेवण तिच्याजवळ होता. अशा माणसांसाठी पालिकेकडे उतरत्या फळीच्या खास गाड्या होत्या. त्यातली एक त्या क्षणी कार्यालयाच्या आवारात रिकामी उभी होती. गवळीवाडा राखाडी असल्यामुळे तिला जायला ठिकाणच नव्हतं.

प्रणितानं खुर्ची सोडली. "जागा सोडलीस तर नोकरी सोडलीस असं समज," निमकर मागून ओरडले. ती तोवर जिन्यात होती. आवारात हुसेनभाई ड्रायव्हर गाडीत पेपर वाचत बसले होते.

"हुसेनभाई, मोरीकडे चला."

"यंत्राचा हुकूम?"

"माझा."

हुसेनभाईंनी पेपर घडी करून ठेवला. "मग लवकर बसा."

इकडे वाड्यात गुडघाभर पाणी झालं होतं. दावी सुटली होती. चंद्री पुढे, तिच्या शेपटीला धरून कस्तुरी, मागे म्हशी, पोरं, बाया, बापे. मोरीचं तोंड दिसलं आणि सगळेच थबकले. दरवाजा निम्म्यावर आला होता आणि करकरत आणखी खाली येत होता.

"धावा!" बसवंत ओरडला. पण पाण्यात धावणार कसं? आणि एवढी माणसं एका दमात जाणार कशी?

कस्तुरीच्या डोक्यात लिफ्ट आली. दवाखान्यातल्या लिफ्टचं दार बंद होताना मध्ये पाय घातला की दार परत उघडतं, हे तिनं दहादा करून पाहिलं होतं आणि दहादा बोलणी खाल्ली होती. अशा दारांच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत डोळ्याला न दिसणारा प्रकाशाचा झोत असतो. झोत कुणी अडवला की दाराला कळतं, मध्ये काहीतरी आहे. मग ते चिरडत नाही, मागे फिरतं. मोरीच्या दरवाजालाही तसाच झोत होता. देखभालीच्या वेळी माणसं दरवाजाखालून जायची, तेव्हा तो परत वर जाताना वाड्यातल्या पोरांनी पाहिला होता. जागल्या गवळीवाड्याला मोजत नव्हता. पण दरवाजाला मोजायचं नव्हतंच. मध्ये काही आहे की नाही, एवढंच त्याला कळायचं.

"हुर्र, चंद्रे!" तिनं शेपटी पिळली. चंद्री पाणी कापत दरवाजाखाली गेली. करकर थांबली. दरवाजा वर सरकू लागला.

पण म्हैस तिथे थांबणार किती वेळ? कस्तुरीनं तिला भिंतीकडेला घेतलं आणि दोन्ही ओंजळींनी तिच्या पाठीवर पाणी उडवायला लागली. रोज दुपारी नदीत हेच व्हायचं. पाठीवर गार पाणी पडलं की चंद्रीला जगाचं भान उरायचं नाही. तिनं एकदा मान हलवली, पुढचे गुडघे दुमडले, आणि मोरीच्या तोंडाशी भिंतीला टेकून ती फतकल मारून बसली. डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली.

दरवाजा खाली यायचा, थांबायचा, वर जायचा. परत यायचा, परत वर जायचा. त्याच्या खालून गवळीवाडा बाहेर पडत होता. म्हशी, रेडकं, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर लहान पोरं. पलीकडच्या उंच रस्त्यावर पोचल्यावर बसवंतानं मागे वळून पाहिलं. सगळे आले होते. गंगूकाकू आणि रेवण सोडून.

तेवढ्यात हुसेनभाईंची गाडी आली. तिच्या पाठोपाठ निमकर साहेबांची जीप. मोरीतून पाण्याचा एक पातळ ओघळ बाजारपेठेच्या उतारावर निघाला होता, आणि तो बघून साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ती म्हैस उठवा! आधी उठवा!"

पालिकेच्या दोन माणसांनी शेपटी ओढली. एकानं शिंगाला हात घातला. चंद्रीनं नुसतं नाक फेंदारलं. तो माणूस आपणहून मागे सरला.

"वाड्यात दोन माणसं राहिलीत," कस्तुरी म्हणाली. "आधी गाडी आत जाऊ दे."

"गाडी आत जाणार नाही. यंत्रानं तो भाग बंद केलाय." साहेब बसवंताकडे वळले. "अहो, मुलगी तुमची ना? म्हैस तुमची ना? सांगा तिला!"

बसवंत ओल्या मुंडाशानं तोंड पुसत होता. "म्हैस माझी हाय साहेब. पण ती हाक हिचीच ऐकती." आणि मग किती दिवसांनी तो बहिणीकडे बघून बोलला. "प्रणे, फुडं बस. मी फळी धरतो. वाट तुला ठावीच हाय."

 प्रणिता पुढे चढली, बसवंत मागे लटकला. हुसेनभाईंनी साहेबांकडे पाहिलंच नाही. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी चंद्रीला अंगठाभर अंतर ठेवून मोरीतून आत शिरली. चाकांनी पाणी दोन्हीकडे फाकलं. वळणावर गाडी दिसेनाशी झाली.

पुढे कित्येक महिन्यांनी या दिवसाची चौकशी झाली, आणि अहवालात गवळीवाड्याबद्दल एकच ओळ आली: 'एका जनावरामुळे दरवाजा बंद करण्यास विलंब झाला.' आत बसायला सांगितलेल्या दारांबद्दल एक अक्षर नाही. म्हणून तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगतोय.

तर मोरीच्या तोंडाशी आता निमकर साहेब होते आणि कस्तुरी होती. साहेबांनी आवाज खाली आणला. तोच तो समजूतदार आवाज.

"हे बघ बाळ, गाडी गेली ना आत? झालं तुझ्या मनासारखं. आता म्हैस उठव. दरवाजा आपण लावून घेऊ, बाजार वाचेल. गाडी आली की मी लगेच उघडतो. शब्द देतो."

कस्तुरीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. ते तिच्या मांडीपर्यंत आलं होतं.

"तुम्ही आम्हाला आत बसायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आम्ही बसलो होतो."



मुलांनो, मग त्या पोरीनं काय केलं? तिनं परकराचा ओचा खोचला, चंद्रीच्या मानेवर हात टेकला आणि तिच्या पाठीवर चढली. साहेबांकडे पाठ केली. आणि गाडी ज्या वळणावरून आत गेली होती, त्या वळणाकडे तोंड करून, एकेक ओंजळ पाणी म्हशीच्या पाठीवर सोडत ती बसून राहिली.